लबाडीनें धंदा वाढतो काय?

(घाटकोपर येथें छोट्या दुकानदारांच्या व फेरीवाल्यांच्या सभेंत झालेलें भाषण)



माझा विषय जाहीर झाला तेव्हां तुमच्यांपैकीं कांहीं जण गालांतल्या गालांत हंसले तें मीं पाहिलें. त्या हंसण्याचा अर्थ मला समजतो. लबाडी केल्यावांचून धंद्यांत कोणी वर आला आहे काय, असें तुमचें म्हणणें. आमच्या कष्टकरी समाजांत ही समजूत घरोघरीं मुरलेली आहे. पोरगा दुकान टाकतो म्हणाला कीं बाप म्हणतो, "आपण साधीं माणसें, आपल्याला तें जमायचें नाहीं, त्याला दहा तोंडें लागतात." म्हणजे लबाडी हेंच धंद्याचें भांडवल, तें आपणांजवळ नाहीं, तेव्हां नोकरी बरी! या एका समजुतीनें आपलें जेवढें नुकसान केलें तेवढें खोट्या तराजूनेंही केलें नसेल.

पण मी तुम्हांस पोकळ धीर देण्यास आलों नाहीं. लबाडी नेहमीं हरते असें मी म्हणूं लागलों तर ती माझीच एक लबाडी होईल. लबाडी चालते, चांगली वर्षानुवर्षें चालते. ती कोठें चालते आणि कोठें चालत नाहीं, एवढेंच आज पाहूं.

उदाहरणासाठीं लांब जावयास नको. येथून तिसरें स्टेशन भांडुप. तेथें ड्रीम्स मॉलमध्यें पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची मुख्य कचेरी होती. सन १९८४ मध्यें शीव येथें लहानशा जागेंत निघालेली ही बँक पस्तीस वर्षांत १३७ शाखांची झाली. ठेवीदार सुमारें नऊ लाख, ठेवी ११ हजार कोटींच्या वर. ठेवीदार कोण? टॅक्सीवाले, किराणा दुकानदार, पेन्शनर, विधवा बाया, गृहनिर्माण सोसायट्या, गुरुद्वारे. आणि गंमत ऐका : सगळ्या बँकांवर देखरेख करणारी जी रिझर्व्ह बँक, तिच्याच नोकरांच्या पतपेढ्यांचा पैसाही या बँकेंत होता! मग तुमच्याआमच्यासारख्यांनीं कोणाकडे पाहून विश्वास ठेवावा?

सन २०१८-१९ च्या ताळेबंदांत बँकेनें ९९ कोटींच्या वर नफा दाखविला आणि थकलेलें कर्ज शेंकडा चारांहून कमी. आंत काय होतें? वांटलेल्या एकंदर कर्जापैकीं शेंकडा ७० च्या वर कर्ज एकाच बिल्डर घराण्याच्या कंपन्यांना, म्हणजे एचडीआयएल गटाला, गेलेलें. रक्कम साडेसहा हजार कोटी. त्यांचे हप्ते थकले तरी तीं खातीं थकलेलीं म्हणून दाखविलीं नाहींत. ४४ मोठीं खातीं झांकण्यासाठीं २१,०४९ खोट्या नांवांचीं लहान लहान खातीं कागदावर उभीं केलीं. युक्ति कशी पाहा. तपासनीस येतो तो मोठीं कर्जें तपासतो. हजारों लहान कर्जें एकेक करून कोण उघडून पाहणार? आणि खरीं ४४ खातीं फक्त मोजक्या नोकरांनाच दिसतील अशी संगणकांत तजवीज केलेली. व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनीं रिझर्व्ह बँकेस लिहिलेलें कबुलीचें पत्र वर्तमानपत्रांत आलें, त्यांत एक कारण दिलें होतें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. हें उघड केलें असतें तर बँकेची अब्रू गेली असती! म्हणजे अब्रू राखण्यासाठीं लबाडी. घरांतलें मुडदूस झालेलें पोर पाहुण्यांना दिसूं नये म्हणून माळ्यावर ठेवण्यासारखें हें झालें.

शेवटीं बँकेंतल्याच कांहीं नोकरांनीं रिझर्व्ह बँकेला कळविलें. २३ सप्टेंबर २०१९ रोजीं निर्बंध आले आणि ठेवीदाराला सांगण्यांत आलें कीं सहा महिन्यांत हजार रुपये काढा. हजार रुपये! दुसऱ्या दिवशीं शाखाशाखांसमोर काय रडारड झाली ती तुमच्यांतील अनेकांनीं पाहिली असेल. पुढें ही मर्यादा दहा हजार, पंचवीस हजार अशी वाढवीत जून २०२० मध्यें एक लाखावर नेली. मधल्या काळांत ओशिवरा, मुलुंड इकडचे कांहीं ठेवीदार हाय खाऊन गेल्याच्या बातम्या आल्या. पोरींचीं लग्नें मोडलीं, दुकानदारांना माल भरण्यास पैसा राहिला नाहीं.

आतां खरा प्रश्न. ही लबाडी यशस्वी झाली कीं नाहीं? २०१२-१३ च्या सुमारास हप्ते थकूं लागले, आणि भांडें फुटलें २०१९ मध्यें. सहा-सात वर्षें ती चालली. त्या काळांत विमानें होतीं, नौका होती, उंची मोटारी होत्या. या सर्व वस्तू पुढें जप्त झाल्या म्हणूनच आपल्याला कळल्या. बिल्डर पितापुत्र आणि बँकेचे अधिकारी ऑक्टोबर २०१९ मध्यें पकडले गेले. न्यायनिवाडा कोर्टाचा; तो मी करीत नाहीं. पण त्या सहा-सात वर्षांत कोणी येऊन आपल्याला विचारलें असतें तर आपण काय सांगितलें असतें? "पाहा, धंदा असा करावा लागतो" असेंच ना? कारण आपण यशाची मोजदाद मोटारीवरून करतों, वहीवरून करीत नाहीं.

याच गटाच्या एका कंपनीनें गोरेगांवच्या पत्राचाळींत काय केलें तेंही थोडक्यांत सांगतों. सिद्धार्थनगरच्या ६७२ भाडेकरूंना नवीं घरें बांधून देण्याचा करार सन २००८ मध्यें म्हाडाबरोबर झाला. सत्तेचाळीस एकर जागा. बांधकामाचे हक्क नऊ बिल्डरांना विकून पैसा उभा केला आणि भाडेकरूंचीं घरें तशींच राहिलीं, असा आरोप आहे. घरें खालीं करून गेलेलीं कुटुंबें भाड्याच्या खोल्यांतून फिरत राहिलीं, पुढें भाडेंही बंद झालें. म्हातारीं माणसें नव्या घराची वाट पाहत वारलीं. २०१८ मध्यें म्हाडानें करार मोडला, आणि काम पुन्हा सुरू व्हावयास २०२२ उजाडलें.

आतां तुमच्या हातगाडीकडे या. तुम्ही गवार विकतां. पावशेरांत दोन तोळे मारले तर आज तुमचे दोन पैसे वांचतील. पण तीच बाई उद्यां येणार आहे, परवां येणार आहे, आणि घरीं जाऊन ती शेजारणीच्या कांट्यावर तोलून पाहणार आहे. महिन्याभरांत तुमच्या गाडीवर माशा बसतील. कोळीण बाईला विचारा, शिळी मासळी ताजी म्हणून ती किती दिवस खपवूं शकते? बाजारांत ती ओरडते, भांडते, दुप्पट भाव सांगते, तो सगळा खेळ आहे आणि गिऱ्हाइकाला तो माहीत असतो. पण गलफडा उघडून पाहण्यास ती कोणाला नाहीं म्हणत नाहीं. उलट, घर माणूस जन्मांत एकदां घेतो. बिल्डराला तें गिऱ्हाईक पुन्हा दिसावयाचें नसतें. म्हणजे जेथें व्यवहार एकदांच होतो तेथें लबाडीला रान मोकळें. आणि दुसरी गोष्ट : जेथें वही एकाच्याच हातांत असते.

या दुसऱ्या गोष्टीचा अनुभव आमच्या बापजाद्यांना पुरेपूर आहे. सावकार रोखा लिही, सावकारच वाची, आणि शेतकरी अंगठा उठवी. पन्नास घेतले त्याचे दोनशें कधीं झाले हें त्याला कोर्टाची जप्ती आली म्हणजे कळे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुप्याच्या बाजारांत रयत उठली तेव्हां तिनें काय केलें? बहुतेक गांवीं सावकाराच्या जिवाला धक्का लावला नाहीं. वह्या आणि रोखे मागितले व जाळले. अडाणी म्हणून हिणविलेल्या त्या लोकांना दुखणें कोठें आहे हें बरोबर कळलें होतें. त्यावर सन १८७९ चा शेतकरी कायदा झाला, आणि रोखा तिसऱ्या माणसासमोर नोंदवून झाला पाहिजे असें ठरलें. एवढ्यानें सावकारी मेली नाहीं, पण कागद दोघांच्या डोळ्यांसमोर आला. पूर्वी आम्हांला अक्षर येत नव्हतें. आज अक्षर येतें, तरी २१,०४९ खातीं आमच्यापासून लपलींच. तेव्हां नुसत्या साक्षरतेचा डांगोरा पिटूनही भागत नाहीं, हें मी आपल्याच चळवळींतील मंडळींस सांगूं इच्छितों.

तरुणांकडून मला एक नांव हमखास ऐकूं येतें : हर्षद मेहता. ज्याचें बालपण बोरिवलींत गेलें तो मुलगा दलाल स्ट्रीटचा राजा झाला! २०२० मध्यें त्याच्यावर चित्रमालिका निघाली तेव्हांपासून तर त्याचीं वाक्यें पोरांच्या तोंडीं बसलीं आहेत. हा गृहस्थ हुशार होता यांत शंका नाहीं. पण त्यानें शेअर चढविले ते बँकांच्या पैशानें, आणि तो पैसा ज्या पावत्यांवर आला त्यांतल्या कित्येक पावत्यांमागें रोखेच नव्हते. एप्रिल १९९२ मध्यें सुचेता दलाल यांनीं तें उघडकीस आणलें. मेहता ३१ डिसेंबर २००१ रोजीं कोठडींत असतां वारला. पोरांना त्याची मोटार आठवते. त्याच्या मागून चढ्या भावानें शेअर घेऊन बसलेल्या कारकुनांवर कोणी चित्रमालिका काढीत नाहीं.

मग प्रामाणिकपणानें पैसा होतो काय? येथें मला सरळ सांगावें लागेल. आपले डबेवाले पाहा. मावळ, खेड, जुन्नर इकडचीं मराठी माणसें. महादू हावजी बच्चे यांनीं १८९० मध्यें सुरुवात केली. बोरिवली-अंधेरीच्या स्वयंपाकघरांतून डबा उचलावा, कचेरींत द्यावा, रिकामा परत आणावा. सगळा धंदा विश्वासावर. जगांतल्या विद्यापीठांनीं त्यांचा अभ्यास केला. पण त्यांच्यांतला कोणी कोट्यधीश झालेला माझ्या ऐकिवांत नाहीं, आणि २०२० च्या टाळेबंदीनें कचेऱ्या बंद पडल्या तेव्हां कित्येकांना गांवीं परत जावें लागलें. प्रामाणिकपणा माणसाला टिकवितो. मोठें करण्यास दुसरेंही कांहीं लागतें. भांडवल लागतें, हिशेब लागतो, बाजाराची चाल ओळखावी लागते. जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते, बांधकामांना माल पुरवीत. हिशेबाला ते कच्चे नव्हते. आपण मात्र साधेपणा आणि गबाळेपणा एकच समजतों. माल कधीं, केवढ्याला भरला तें लिहावयाचें नाहीं, उधारी तोंडी ठेवावयाची, आणि दुकान बुडालें कीं म्हणावयाचें, "आम्ही लबाडी केली नाहीं ना, म्हणून बुडालों!"

चतुराई निराळी आणि लबाडी निराळी, हेंही सांगून ठेवतों. पार्ल्याच्या बिस्किटवाल्यांनीं वर्षानुवर्षें लहान पुड्याची किंमत फारशी वाढूं दिली नाहीं. महागाई झाली तसें आंतलें वजन कमी करीत आणलें. वजन पुड्यावर छापलेलें असतें. आपण वाचीत नाहीं हा आपला दोष. पण कागद दोघांसमोर आहे. मला ही युक्ति फारशी आवडत नाहीं, तरी तिला मी लबाडी म्हणणार नाहीं.

भांडुपच्या बँकेचें पुढें काय झालें तें सांगून मी बसतों. २५ जानेवारी २०२२ रोजीं ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत विलीन झाली. पांच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यांतून देण्याचें ठरलें. पूर्वी ही मर्यादा एक लाखच होती, ती फेब्रुवारी २०२० मध्यें वाढली. ज्यांच्या ठेवी त्याहून मोठ्या, त्यांना उरलेला पैसा हप्त्याहप्त्यानें मिळावयाचा, आणि शेवटचा हप्ता दहा वर्षांनीं. ज्या पेन्शनरानें वयाच्या सत्तराव्या वर्षीं पैसा ठेवला होता, त्यानें तो सन २०३२ मध्यें मोजून घ्यावयाचा आहे.