हळदीचा वास



संक्रांत होऊन गेली, रथसप्तमी अजून यायची आहे. या दिवसांत संध्याकाळ झाली की गल्लीत काठापदराच्या साड्या दिसू लागतात, जिन्यात बांगड्या वाजतात, दारोदारी हळदीकुंकवाचं बोलावणं जातं. काही दारांशी मात्र ते थांबत नाही. तशा एका दाराआड मी होते. आज तिथलं तुम्हाला सांगणार आहे.

माझे यजमान सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. एकतीस वर्षं. हळद त्यांच्या नखांत असे, वहीच्या पानांत असे, सदऱ्याच्या कॉलरला असे. सदरा धुवायला घेऊन साबण लावला की पिवळा डाग लालभडक होई. लग्नानंतर पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी घाबरले होते. ते म्हणाले, "अगं, कुंकू तरी दुसरं काय असतं? हळदीला खार लागला की ती लाल होते." मग सदरा उन्हात वाळत घातला की डाग आपोआप फिका पडत जाई.

सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथं जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवत. त्यात ती वर्षानुवर्षं टिके. 2005च्या महापुरात पाणी शिरून त्यातली कितीतरी पेवं निकामी झाली. त्या पेवांविषयी हे नेहमी सांगत, "पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरतो. तोंड उघडं ठेवायचं, वारा खेळू द्यायचा, मग उतरायचं."

2021च्या श्रावणात ते झोपेतच गेले.

त्या दिवाळीला आमच्या घरात कढई चढली नाही. अशा वर्षी शेजारीपाजारी आणि नातेवाईक फराळ आणून देतात. ओट्यावर सात घरच्या चकल्या होत्या, आणि त्यातली कुठली जास्त खुसखुशीत हे सांगणारं माणूस नव्हतं. पाडव्याच्या संध्याकाळी मी ओवाळायचं तबक फडताळातून काढलं, पुसलं आणि परत ठेवून दिलं. मुलगा म्हणाला, "आई, तू बस." सून म्हणाली, "आई, तुम्ही काही करू नका." सगळे मायेनंच म्हणत होते. पण सणाच्या घरात हात रिकामे असले की मन एकाच जागी जाऊन बसतं. रांगोळी दुसऱ्यानं काढली, पणत्या दुसऱ्यानं लावल्या, आणि मी माझ्याच घरात पाहुणी झाले.

मग संक्रांत आली. समोरच्या घरून बोलावणं आलं ते सुनेला. बोलवायला आलेल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आमचा पंचवीस वर्षांचा शेजार. मला रडू आलं, पण त्यांचा राग काही आला नाही. कारण त्याच क्षणी मला खालच्या मजल्यावरच्या बाई आठवल्या. त्यांचे यजमान गेले तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर नऊ वर्षं मी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. दर संक्रांतीला त्यांच्या दारावरून बोलावणी करायला जात होते, आणि 'उगाच त्यांना वाईट वाटेल' असं स्वतःला सांगत होते. त्यांना मात्र एकदाही विचारलं नव्हतं. ही माझी चूक मी आज सर्वांसमोर कबूल करते.

त्याच वर्षी मे महिन्यात शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाची बातमी आली. शिरोळ तालुक्यातल्या या गावानं 4 मे 2022 रोजी ठराव केला, की पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, या प्रथा आमच्या गावात बंद. 17 मे रोजी राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर गावांनीही तसंच करावं असं सांगितलं. बातमी ऐकली आणि मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. एका गावानं जे सगळ्यांदेखत म्हटलं, ते मला माझ्या जिन्यातसुद्धा म्हणता आलं नव्हतं. ठरावाची किंमत फार मोठी आहे. पण हळदीकुंकवाचं बोलावणं ग्रामपंचायत देत नाही, ते शेजारणीनंच द्यावं लागतं.

माझ्याकडे ते पुढच्या संक्रांतीला आलं, आणि आलं तेही निराळ्याच रूपात. खालच्या बाई वर आल्या आणि म्हणाल्या, "काकू, तिळाच्या लाडवांचा पाक मला जमत नाही. जरा येता का?"

मी गेले. कढईत गूळ फेसाळत होता. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून मी पाहिलं आणि म्हणाले, "बस, आता उतरवा. आमच्याकडे पाक जरा कच्चाच ठेवतो, ह्यांना मऊ लाडू लागतात." आणि थबकले. लागतात, की लागायचे? आणि 'आमच्याकडे' तरी कसं म्हणायचं आता?

त्या बाईंनी हातातलं उलथनं खाली ठेवलं नाही. ढवळता ढवळताच म्हणाल्या, "लागतात असंच म्हणा काकू. मी अजून तसंच म्हणते."

मला रमाबाई रानड्यांचं पुस्तक आठवलं. त्यांचे यजमान न्यायमूर्ती रानडे 1901 साली गेले. रमाबाईंनी आठवणी लिहून प्रसिद्ध केल्या त्या 1910 साली. पुस्तकाला नाव दिलं, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. नऊ वर्षं उलटल्यावरही 'आमच्या'. पूर्वी वाचलं तेव्हा तो शब्द माझ्या नजरेतून निसटला होता. त्या दिवशी ओट्यापाशी तो मला कळला.

मग आठवणींचं पेवच फुटलं. कढईची खरवड काढून खायला हे कसे मुलांआधी येऊन उभे राहत, ते मी सांगितलं. त्यांनी त्यांच्या यजमानांचं सांगितलं. गरम मिश्रणानं हात पोळत होते, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. घरी आले आणि एकदम अपराधी वाटलं. ह्यांच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. इतकं हसले मी? मग जाणवलं, की मी हसले ते त्यांच्यामुळेच. ते गेल्यानंतर इतका वेळ मी त्यांच्याविषयी कुणाशी बोललेच नव्हते. दीड वर्ष पेव बंद होतं. त्या बाईंनी हळूच तोंड उघडलं होतं, वारा खेळू दिला होता.

म्हणून श्रोतेहो, ज्यांच्या ओळखीत असं कुणी आहे, त्यांना माझी विनंती आहे. 'त्रास नको' म्हणून त्यांना वगळू नका. बोलवा, आणि यायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. आल्यावर हाताला काम द्या, मग ते पान लावायचं असो की तीळ भाजायचे. आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्या. आपल्याला वाटतं, नाव घेतलं की जखम उघडी पडेल. जखम मनात असतेच, नाव घेतलं की ती एकट्याची राहत नाही. पुरुषांनाही विसरू नका. बायको गेलेल्या माणसाला सणाच्या दिवशी कुणी बसायला बोलावत नाही, आणि तो स्वतःहून येत नाही.

आणि जे माझ्यासारखे आहेत त्यांना सांगते, पहिल्याच सणाला हसता आलं नाही तर जिवाला लावून घेऊ नका. अर्धा तास जा. दाराजवळ बसा. नको वाटलं तर उठून या. पुढच्या खेपेला पाऊण तास बसाल.

त्या वर्षी रथसप्तमीला मी माझ्या घरी हळदीकुंकू केलं. सगळ्यांना बोलावलं, सवाष्ण की विधवा हे न बघता. वाण म्हणून सांगलीच्या हळदीच्या पुड्या बांधल्या. पलीकडच्या गल्लीतले, नुकतीच बायको गेलेले एक गृहस्थ तिळगुळाला आले आणि चहाला थांबले. ऐंशी वर्षांच्या एक आजी आल्या होत्या. मी कुंकवाचं बोट पुढं केलं तर त्यांनी कपाळावर हात धरला. म्हणाल्या, "नको गं. साठ वर्षांत सवय नाही." मी आग्रह केला नाही. त्यांची मर्जी मोठी. त्यांच्या हातात मी फक्त हळदीची पुडी ठेवली.

त्यांनी ती उघडली, नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अगदी लग्नाच्या दिवसासारखा वास येतोय."

मला त्याच वासात ह्यांचा सदरा आठवला. मी आजींच्या शेजारी पाटावर बसले, आणि त्या त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगू लागल्या.