तापानंतरचा हृदयस्नायुदाह आणि आपल्या तालमी



राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिलेल्या या करवीरनगरीत ताप उतरला की पठ्ठा दुसऱ्याच दिवशी आखाड्यात उतरतो, आणि आपण त्याचे कौतुक करतो! परंतु कॉक्सॅकी, डेंग्यू, कोरोना अशा विषाणूंच्या संसर्गानंतर, क्वचित का होईना, हृदयाच्या स्नायूंना सूज येते. त्यातच जोर-बैठकांचा ताण पडल्यास ठोक्यांची लय बिघडून धडधाकट तरुणही अकस्मात दगावू शकतो. छातीत दुखणे, धडधड, अल्प श्रमाने धाप वा भोवळ जाणवल्यास विनाविलंब ईसीजी, ट्रोपोनिनची रक्तचाचणी व टू-डी एको करून घ्यावा. निदान पक्के झाल्यास साधारणतः ३ ते ६ महिने मेहनत पूर्ण बंद. आणि त्यानंतरही फेरतपासणी झाल्यावरच वस्तादांनी त्यास लंगोट बांधू द्यावा.