रामलीलेच्या मैदानातली सीता

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटावर दसऱ्याच्या सुमारास गावोगावी उघड्या मैदानात रामलीला होते. एकीकडे तुलसीदासांचे रामचरितमानस वाचले जाते आणि गावातलीच माणसे राम, रावण, वानर होऊन ते करून दाखवतात. शेवटी रावणाचा भलामोठा पुतळा जाळतात. कवी डेरेक वॉलकॉट यांनी १९९२ साली आपल्या नोबेल भाषणाची सुरुवात तिथल्या फेलिसिटी गावच्या रामलीलेपासूनच केली होती.

ही परंपरा तिथे नेली गिरमिटियांनी. १८४५ ते १९१७ या काळात १,४०,००० हून अधिक माणसे कराराने उसाच्या मळ्यांवर गेली. मालकाच्या लेखी ती फक्त राबणारे हात होती. अशांनी वनवासाची कथा उराशी धरली, याचे मला मोल वाटते.

पण त्यांच्यातल्या बायकांचे काय? त्या इतक्या कमी होत्या की, जहाजावर १०० पुरुषांमागे ४० बायका हव्यात असा नियम सरकारला करावा लागला. कित्येकजणी एकट्या निघालेल्या, विधवा किंवा नवऱ्याला सोडलेल्या. मळ्यावर मजुरी पुरुषांपेक्षा कमी, पण स्वतःच्या हातात पडायची. नको असलेला नवरा सोडता यायचा. त्याची किंमतही त्यांनी मोजली. १८७२ ते १९०० या काळात त्रिनिदादमध्ये ८७ भारतीय स्त्रियांचे खून झाले. त्यांतले ६५ नवऱ्यांनी केलेले होते. पुढे करार संपले, गावे वसली, आणि घरे पुन्हा बांधताना बाईपुढे आदर्श ठेवला गेला तो पतिव्रता सीतेचा.

तुलसीदासांच्या ग्रंथात सीतेचा त्याग नाहीच. अग्नीत शिरते तीही मायेची सीता. म्हणजे रामाला जाब विचारायला जागाच उरत नाही. आपल्या बायकांनी मात्र जात्यावरच्या ओव्यांमध्ये सीतेचा वनवास आणि तिचे रानातले बाळंतपण जपले. एकटीने निघालेल्या त्या मजूर बायकांना यातली कोणती सीता जवळची वाटली असती?

पूर्वी रामलीलेत सीताही मुलगेच होत. आता तिथे मुली सीता होतात. हे चांगलेच झाले. पण बाई मैदानात उतरली तरी तिच्या तोंडची कथा कोण ठरवते, हा प्रश्न उरतोच.

म्हणून एक काम सुचवते. आपापल्या गावच्या जत्रेत, कीर्तनात, शाळेच्या संमेलनात कोणती सीता सांगितली जाते, ते ऐका, लिहून ठेवा. म्हाताऱ्या बायकांकडच्या ओव्याही त्याशेजारी लिहा. पुढच्या बैठकीत दोन्ही समोर ठेवून बोलू या.