टाचेवरचा आकडा

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)

दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात माझ्या मोठ्या जाऊबाईंनी टाच तपासून घेतली. ‘हाडं चांगली’ असा कागद मिळाला, त्या निर्धास्त झाल्या. पुढच्या श्रावणात कानबाईच्या तयारीत पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. उंचावरून नव्हे, उभ्या जागी पडून! “मग ती तपासणी खोटी होती का गं?” त्यांनी मला विचारलं; घरात फिजिओथेरपिस्ट मीच.

खोटी नव्हती, अपुरी होती. यंदा कडोदऱ्यात आपल्याकडेही ते यंत्र येतंय, म्हणून सांगते.

टाचेचं हाड आतून ढोकळ्यासारखं जाळीदार असतं. दोन्ही बाजूंना जेल लावून त्यातून ध्वनिलहरी सोडतात. जाळी विरळ झाली की लहरींचा वेग कमी होतो आणि त्या कमी शोषल्या जातात. सोनोग्राफीसारखंच, किरणोत्सर्ग नाही, दुखत नाही, पाच-दहा मिनिटांत काम होतं. 1984 साली इंग्लंडमध्ये लँग्टन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली.

पण मोडतात ती हाडं खुबा, मणका, मनगट. अस्थिक्षयाचं निदान करताना प्रमाण धरतात ती खुब्याची आणि कमरेची डेक्सा तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेची 1994 ची -2.5 ही टी-स्कोअरची रेघ डेक्सासाठीच आहे. टाचेच्या कागदावरही टी-स्कोअर छापलेला असतो, पण ती रेघ त्याला तशीच लावता येत नाही. घोटाळा होतो तो इथेच. गोळ्यांचा गुण किती आला हेही टाचेवरून ठरवू नये. डेक्सात क्ष-किरण असतात खरे, पण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. त्या भीतीनं ती टाळणं म्हणजे वेडेपणाच, स्पष्टच बोलते.

तेव्हा टाचेचा आकडा कमी आला तर स्वतःच्या मनानं गोळ्या सुरू करू नका. सुरत काही लांब नाही, डॉक्टरांना विचारून डेक्सा करून घ्या. आणि आकडा चांगला आला तरी हे आठवा: पाळी लवकर गेली का? अंडाशय काढलेत का? दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या का? आईचा खुबा मोडला होता का? उंची दीड इंच घटली का? यातलं काही असेल तर डॉक्टरांना सांगाच. जाऊबाईंची पाळी एकेचाळिसाव्या वर्षी गेली होती. शिबिरात ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आपल्यात या गोष्टी बोलायची लाज!

खाण्याचं थोडक्यात. पाळी गेल्यावर बाईला दिवसाला 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम असतं. आपल्या ज्वारीत त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. भाकरी सोडू नका, पिठात नाचणी मिसळा.

जाऊबाईंची डेक्सा झाली, कमरेचा आकडा -2.9 निघाला. औषध सुरू आहे. यंदा गौरीची भांडी माळ्यावरून मुलानं काढून दिली. त्या खाली खुर्चीत बसून सूचना करत होत्या.