डिझेल कुठून गळते?

मंडळी, परवा गावात लग्न होते. ऐन पंगतीला वीज गेली. जनरेटर लावला, तर खाली डिझेलचे डबके. चालवणाऱ्या पोराने गळती चाचपायला बोट पुढे केले. आम्ही ओरडलोच, "अरे, हात मागे घे!" सगळे बघत राहिले. आम्ही का ओरडलो, ते सांगतो.

टाकीतले डिझेल फिल्टरमधून पंपात येते. पंपातून बारीक लोखंडी नळीने नोझलला जाते. या नळीत दाब फार. दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोच्या आसपास. सायकलच्या चाकात ५ किलोही नसतो! अशा नळीला चीर गेली, तर धार डोळ्यांना दिसत नाही. पण ती कातडीतून आत शिरते. वर फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण. आमच्या धाकट्या भावाला विहिरीवरच्या इंजिनापाशी असेच झाले. फारसे दुखले नाही, म्हणून हळद लावून घरीच बसला. आतले मांस सडले. बोट कापावे लागले. असे कुणाला झाले तर लगेच मोठा दवाखाना गाठा. डिझेल आत गेलंय, हे डॉक्टरांना सांगा.

मग गळती शोधायची कशी? इंजिन बंद करा, गार होऊ द्या. विडी लांब ठेवा, बरं का. सगळे सांधे फडक्याने कोरडे पुसा. त्यांवर खडूची पूड टाका. (आम्ही मास्तर, खडूला तोटा नाही!) मग टाकीचा कॉक उघडा. पूड ओली झाली, तेथे गळती. लोखंडी नळी मात्र इंजिन चालू असतानाच गळते. तेव्हा काठीला पुठ्ठा बांधा, तो लांबून नळीजवळ फिरवा. डाग पडला, की इंजिन बंद करा. मगच हात लावा.

बहुधा तांब्याचा वायसर चेपलेला असतो. नवा घाला. साबण चोपडून भागत नाही. दोन पाने घ्या. एकाने धरा, दुसऱ्याने आवळा. फार जोर केला तर आटे जातात. लोखंडी नळी चिरली असेल तर नवीच बसवा.

टाकी पंपाच्या खाली असेल, तर कधी थेंबही पडत नाही. उलट फटीतून हवा आत ओढली जाते. इंजिन अडखळते. फट बुजवा. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबले, की स्क्रू आवळा.

लग्नातल्या जनरेटरचा फिल्टरचा वायसरच गेला होता. दुसरी पंगत कंदिलावर उठली. तिसरीला दिवे लागले.