अल्टरनेट जयपूर का नको?

फ्लाइट सिम खेळणारे बरेच जण विचारतात, "सिमब्रीफ आपोआप अल्टरनेट देतंच की, मग आपण कशाला डोकं लावायचं?" तर आज माझीच एक फजिती सांगतो.

जानेवारी महिना, पुणे ते दिल्ली, ए-320, लाइव्ह वेदर चालू. पहाटे पोचायचं होतं. सिमब्रीफनं अल्टरनेट दिला जयपूर, दिल्लीपासून साधारण 125 नॉटिकल मैल. जवळ आहे, इंधन कमी लागतंय, मी ओके दाबलं आणि चहा टाकायला गेलो.

दिल्लीत दाट धुकं. तिथे कॅट थ्री आयएलएस आहे, पण मला तेव्हा ऑटोलँड धड जमत नव्हतं. मिनिमाला रनवे दिसेना, गो-अराउंड. आणि इथे मी खरा गाढवपणा केला. लगेच वळायचं सोडून आणखी एकदा प्रयत्न केला, त्यात सहाएकशे किलो इंधन गेलं. मग जयपूर गाठलं, तर तिथेही तेच! दुसऱ्या खेपेला कसाबसा उतरलो तेव्हा टाकीत 400 किलो.

फायनल रिझर्व्ह म्हणजे 1500 फुटांवर 30 मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं इंधन. ए-320 ला साधारण 1,100 किलो. त्याला हात लागणार असं दिसलं की खऱ्या पायलटला ‘मेडे फ्युएल’ म्हणावंच लागतं. मी गप्प बसलो होतो. शेजारचा मामेभाऊ म्हणाला, "दादा, मागे माणसं असती तर?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

आता चूक बघा. हिवाळ्यातलं धुकं एका शहराचं नसतं. पंजाबपासून बिहारपर्यंत सगळ्या मैदानावर चादर पसरते, म्हणून अमृतसर, लखनौ हेही बेभरवशाचे. जयपूर त्या चादरीच्या काठावर. शिवाय दिल्ली बंद पडली की सगळेच तिकडे धावतात, पार्किंग भरतं. अहमदाबाद 400 मैलांवर, पण हवा बहुतेक वेळा स्वच्छ. दीडेक टन इंधन जास्त न्यावं लागतं, ते वाहण्यातही थोडं जळतं. जळू दे.

अर्थात जवळचा अल्टरनेट नेहमीच वाईट असं नाही. मुंबईचा रनवे नुसता अडला असेल तर पुणे उत्तम. जुलैच्या धुवांधार पावसात मात्र मी अहमदाबाद नाहीतर हैदराबाद बघतो. आणि आत्ताचा मेटार बघून ठरवू नका. आपण पोचू त्या वेळेचा टॅफ वाचा, एक तास अलीकडचा-पलीकडचा धरून.

परवा मामेभावाला परत बसवलं. दिल्लीत पुन्हा धुकं, एकच गो-अराउंड, सरळ अहमदाबाद. उतरलो तेव्हा 1,400 किलो शिल्लक. तो वैतागला, कारण त्याला दिल्लीच बघायची होती.