नमुना द्या, पण चिठ्ठी घ्या

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावाचे सकाळपासून पुष्कळ झाले. आम्ही तुमच्याशी पाण्याच्या एका बाटलीविषयी बोलणार आहोत.

आपल्या गावात अधूनमधून पाठीवर पिशव्या अडकवलेली दोन-चार पोरे-पोरी येतात. हातात प्रश्नावली, पिशवीत रिकाम्या बाटल्या. बोअरचे पाणी भरतात, बांधावरची माती घेतात. खत किती टाकता, फवारे किती मारता, बोअर किती फूट, सगळे विचारतात. आपण चहा पाजतो. ती निघून जातात. पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या संशोधन संस्थांत ही मुले काही आठवडे, काही महिने काम शिकायला आलेली असतात. याला इंटर्नशिप म्हणतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर हे काम पदवीच्या अभ्यासक्रमातच आले. तेव्हा ही मुले यापुढे जास्तच येणार.

आम्हीही एकदा असेच आलो होतो. शेतकीची पदवी हाती पडत होती, वय बावीस. मोठ्या शहरातल्या एका संस्थेने दोन महिन्यांसाठी घेतले आणि यवतमाळ जिल्ह्यात नमुने गोळा करायला पाठवले. एका कोरडवाहू कास्तकाराच्या बोअरचे पाणी आम्ही बाटलीत भरले. त्याने विचारले, “साहेब, पाण्यात काय निंगते ते सांगसान ना?” आम्ही हो म्हणालो. अंगणात त्याची लेक रांगत होती.

पाण्यात फ्लोराइड निघाले, चालते त्याच्या दुपटीहून जास्त. आम्ही तो आकडा तक्त्यात भरला. अहवालाला काळे पुठ्ठे बांधले, मार्क मिळाले, अहवाल कपाटात गेला. गावाला कळवणे आमच्या कामात लिहिलेले नव्हते. आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते सुचले नाही.

नऊ वर्षांनी तोच कास्तकार एका सभेत भेटला. त्याने ओळखले. “भाऊ, माह्या बोअरचं काय निंगालं होतं?” शेजारी लेक उभी होती. तिच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. आम्हाला मान वर करता आली नाही.

आता यातले शास्त्र ऐका. फ्लोराइड खडकातून पाण्यात उतरते, यात कास्तकाराचा दोष नाही. खोल बोअरमध्ये ते बहुधा जास्त असते, उथळ विहिरीत कमी. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ते असावे, आणि दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत, असे आपल्या देशाचे मानक सांगते. पाण्याला ना रंग येतो ना वास. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. कायमचे दात हिरडीखाली घडतात ते पहिल्या सात-आठ वर्षांत. त्या काळात असे पाणी पोटात गेले तर डाग जन्मभर राहतात. पुढे वर्षानुवर्षे प्यायले तर हाडे आणि सांधे धरतात. उन्हात राबणारा माणूस पाणी जास्त पितो, म्हणून त्याच्या पोटात ते जास्त जाते. त्या बापाला वेळेवर एक चिठ्ठी मिळाली असती, तर त्याने गावातल्या जुन्या विहिरीचे पाणी तपासून लेकरापुरते दोन हंडे तिथून आणले असते. चिठ्ठीला खर्च किती? एका पोस्टकार्डाचा.

संस्था काही कामाच्या नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, पाहा. १९५८ साली ती सुरू झाली. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातले फ्लोराइड कमी करायची रीत तिने १९७० च्या दशकात बसवली. आजच्या तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यावरून तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. पण तुरटी किती टाकायची हे पाण्यात फ्लोराइड किती त्यावर ठरते. अंदाजाने टाकून चालत नाही. म्हणजे इलाज आहे, पण आधी आकडा हवा. आणि आपला आकडा कपाटात पडून असतो.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो.

पहिली, ज्याच्या शेतातून नमुना नेला त्याला महिनाभरात मराठीत लेखी चिठ्ठी मिळाली पाहिजे. आकडा किती, चालतो किती, आणि करायचे काय, एवढ्या तीन ओळी पुरेत.

दुसरी, अहवाल मार्कांसाठी देण्याआधी विद्यार्थ्याने तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. गावाला समजला नाही, तर तो अजून कच्चा आहे.

तिसरी, या जागांवर आपलीही पोरे-पोरी गेली पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी इंटर्नशिपला मानधन नसते. खोलीचे भाडे, खाणावळ, गाडीभाडे घरून द्यावे लागते. कोरडवाहू घरातली पोरगी ते कुठून आणणार? मग पाण्याची चव ज्याला ठाऊक नाही तोच पाणी तपासायला येतो. राहण्याजेवण्यापुरते मानधन द्या, आणि ज्या तालुक्यात अभ्यास त्या तालुक्यातली निम्मी मुले घ्या.

आपल्याकडूनही काही झाले पाहिजे. बाटली भरण्याआधी हातपंप किंवा मोटर पाचेक मिनिटे चालू द्या. फ्लोराइडसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या आणि त्याच पाण्याने तीनदा विसळा. तिच्यावर नाव, गट नंबर, तारीख, बोअरची खोली लिहा. विद्यार्थ्याचे आणि त्याच्या मार्गदर्शकाचे नाव, पत्ता ग्रामपंचायतीच्या वहीत नोंदवा. महिना झाला की पत्र टाका.

पोरांवर रागावू नका. ती आमच्यासारखीच आहेत, त्यांना कोणी सांगितलेले नसते. घरात बसवा, भाकर द्या, शेत दाखवा. आणि बाटली हातात देताना त्या कास्तकाराचा प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

नमुना आपला आहे. आकडाही आपलाच आहे.